कच्छला खरेदी नाही, काम बघायला जायचंय. कुठे जाऊ?

गोधडीवाली_सातारा:
नमस्कार मंडळी. मी गोधड्या शिवते, घरच्या पण आणि ऑर्डरच्या पण. डिसेंबरात सासूबाईंना घेऊन कच्छ एक्स्प्रेसने भुजला चाललेय. टूरवाले पांढरं रण आणि तंबू याच्यापुढे जातच नाहीत, मला अजरख (लाकडी ठशांनी छापलेलं कापड) छापताना बघायचंय, माग बघायचेत, आणि जमलं तर गोधडीसाठी तुकडे आणायचेत. असं कुणाच्याही कारखान्यात गेलं तर चालतं का? हिंदी चालेल ना?

मुलुंडकर:
हिंदी मस्त चालते. भुजोडी (विणकर) आणि अजरखपूर (छपाई) एकाच रस्त्यावर आहेत, एका दिवसात उरकतात लोक, पण तुम्ही उरकू नका. अजरखपूर हे 2001 च्या भूकंपानंतर वसलेलं गाव, धमडका या छपाईच्या जुन्या गावात पाण्यातलं लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले म्हणून बरेच खत्री (छपाई करणारा समाज) इकडे आले. शुक्रवारी जुम्मा असतो, आधी फोन करून जा.

नीळकाकू:
वरच्यांना अनुमोदन. सकाळी लवकर जा आणि आधीच सांगा की मी पण हातानेच शिवते, तुमची एखादी छोटी गोधडी सोबत न्या, मग बघा कशा गप्पा रंगतात! काळा रंग कसा करतात ते जरूर विचारा, भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवतात, वास असा की सासूबाईंना लांब बसवा 😄 त्याआधी कापडाला हिरडा लावतात, त्याच्यावर लोखंड पडलं की काळं आणि तुरटी पडली की नंतर मंजिष्ठेत (लाल रंग देणारी मुळी) उकळल्यावर लाल, आणि जिथे चुना-डिंक छापलाय तिथे पांढरं राहतं. म्हणजे छापताना रंग दिसतच नाही नीट, कारागिराला तो आधीच डोक्यात दिसत असतो. मला तरी पूर्ण कच्छमध्ये हेच सगळ्यात भारी वाटलं, रण वगैरे ठीक आहे.
तुकडे मागा, कटपीस निघतात. पण शिवायच्या आधी सुटे धुवून घ्या, निळा सुरवातीला सुटतो आणि पांढरं अस्तर गेलंच समजा.

टाकाधागा:
भरतकामाचं कुणी बोललंच नाही. ढेबरिया रबारींनी (कच्छमधला एक पशुपालक समाज) 1995 मध्ये समाजातच भरतकामावर बंदी घातली, लेकीच्या आहेरासाठी भरता भरता लग्नं लांबायला लागली होती म्हणून. त्यामुळे "रबारी जुनं" म्हणून दुकानात जे येतं त्याची किंमत विचारण्याआधी उलटी बाजू बघा, मशीनचा टाका लगेच कळतो. चांगले नमुने अजरखपूरच्या एलएलडीसी या हस्तकलेच्या म्युझियममध्ये आहेत, तिथे आधी जा म्हणजे नजर तयार होते.

मुलुंडकर:
@टाकाधागा बरोबर. आणि कुकम्याला खमीर संस्था आहे, तिथे काला कॉटन बघा, पावसाच्याच पाण्यावर येणारा देशी कापूस, आखूड धाग्याचा. जरा खरबरीत लागतो पण गोधडीला काय फरक पडतो.

गोधडीवाली_सातारा:
बापरे किती दिलंत, थँक्यू सगळ्यांना. निरोणा गावचं रोगन (कापडावरचं तेलरंगाचं काम) पण बघायचंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात, तिथवर जमेल का?

नीळकाकू:
जमेल, गाडी दिवसाची ठरवा. ते बसूनच करतात आणि बसूनच बघायचं असतं, एरंडेल उकळून घट्ट केलेला रंग तळहातावर घेऊन सळईने तार ओढतात, सळई कापडाला लागत पण नाही. घाई करणारा ड्रायव्हर मात्र घेऊ नका.