गाठीत टोचायचं ‘नकली व्हायरस’चं इंजेक्शन: ट्रायलला हो म्हणण्याआधी काय विचारावं?

मुक्ता_७
आत्याला सावकाश वाढणारा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. डॉक्टरांनी एक ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची चाचणी, सुचवली: एका गाठीला थोडं रेडिएशन, मग त्याच गाठीत पॉली-आयसीएलसीचं इंजेक्शन. ‘विषाणूच्या आरएनएची नक्कल’ हे शब्द कानावर पडले आणि आत्या म्हणाली, “आधीच कॅन्सर, त्यात आता व्हायरस टोचून घेऊ?” संमतिपत्र पंधरा पानी आहे, मंगळवारी परत जायचंय. कुणी यातून गेलंय का? काय काय विचारू?

पेशीवेल
मुक्ता, आधी आत्यांची भीती घालवू. त्या इंजेक्शनात विषाणू नसतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएच्या दोन माळा असतात, एकीत नुसते इनोसिनचे मणी, दुसरीत नुसते सायटिडिनचे, एकमेकींना बिलगलेल्या. त्यात कुठल्याच प्रथिनाचा आराखडा नाही, त्यामुळे त्यातून विषाणू तयार व्हायचा प्रश्नच येत नाही. पण असा दुपेडी लांब आरएनए बऱ्याच विषाणूंची खूण असतो. पेशीतले टीएलआर-३ आणि एमडीए-५ हे पहारेकरी तो ओळखतात, इंटरफेरॉन हे सावध करणारं प्रथिन सुटतं, डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात आणि गाठीचे तुकडे टी पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, नेऊन दाखवतात.

कल्पना जुनी आहे. लसतज्ज्ञ मॉरिस हिलमन यांच्या गटाने १९६७ मध्येच या माळांमुळे इंटरफेरॉन तयार होतं हे दाखवलं होतं. अडचण अशी की माणसाच्या रक्तातली एन्झाइम्स त्या झटपट तोडतात. म्हणून हिल्टन लेव्ही या शास्त्रज्ञांनी पॉलिलायसिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजची जोड देऊन त्या टिकाऊ केल्या. नावातलं ‘एलसी’ ते हेच.

आता महत्त्वाचं. हे इंजेक्शन म्हणजे धोक्याची घंटा. घंटा ऐकून धावणाऱ्या पेशी गाठीत पुरेशा नसतील तर ती एकटी फार काही करत नाही. सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाच्या ११ रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डेंड्रिटिक पेशी वाढवणारं एफएलटी-३ लिगँड आधी गाठीत दिलं होतं, सोबत कमी मात्रेचं रेडिएशन आणि हे इंजेक्शन. काहींच्या न टोचलेल्या गाठीही आक्रसल्या. सगळ्यांच्या नाही, आणि रुग्ण अगदी थोडे. म्हणून पहिला प्रश्न: सोबत आणखी काय देणार? दुसरा: न टोचलेल्या गाठी कधी आणि कशाने मोजणार?

सावलीतला
माझ्या बाबांना मेलानोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) ट्रायलमध्ये हेच इंजेक्शन होतं. दुपारी टोचलं की संध्याकाळी हुडहुडी भरायची. दोन पांघरुणं घालूनही दात वाजायचे, मग ताप, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेलं, तिसऱ्या दिवशी चहा मागायचे. आई वहीत दर चार तासांनी ताप लिहायची, डॉक्टर ती वही आवर्जून बघायचे. रात्री फोन कुणाला करायचा आणि तापावर कोणती गोळी चालेल, हे आधीच लिहून घ्या. आम्ही पहिल्या रात्री नुसतेच घाबरून बसलो होतो.

खरं तेच सांगतो. टोचलेली गाठ मऊ पडली, फुप्फुसातल्या वाढत राहिल्या, आणि बाबा ट्रायलमधून बाहेर पडले. तेव्हा ट्रायलमध्ये गेल्यामुळे नेहमीचे उपचार किती लांबणार, नंतर कोणते उरणार, हेही विचारा.

पेशीवेल
सावलीतला, हे लिहिलंत, आभारी आहे. मुक्ता, एक राहिलंच: आत्यांना आमवातासारखा ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) आहे का? स्टिरॉइड चालू आहेत का? एकीकडे प्रतिकारशक्ती जागवायची आणि दुसरीकडे स्टिरॉइडने दाबायची, असं व्हायला नको. मात्र कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

मुक्ता_७
आत्याला माळांचं समजावलं. म्हणाली, “म्हणजे चोर नाही, नुसती ‘चोर आला’ अशी आरोळी.” आता संमतिपत्र स्वतः वाचतेय, पेन्सिलीने खुणा करत. आणि पेशीवेल, दम्यासाठी तिला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. हे आम्ही तिथे सांगितलंच नव्हतं. मंगळवारपर्यंत थांबत नाही, उद्या सकाळीच फोन करते.