जुनी पांढरी तीनची बासरी: मंद्र पंचम लागतच नाही

कोरडावेळू
पांढरी तीनची (हार्मोनियमची तिसरी पांढरी पट्टी हा जिचा सा) जुनी बासरी 600 रुपयांत मिळाली. लांबी 29 इंच, बोटांची सहा भोकं. तीन ठिकाणी दोरा गुंडाळलाय, मधला सैल आहे. ग, रे स्वच्छ लागतात, सा घोगरा, मंद्र (खालच्या सप्तकातले) ध-प लागतच नाहीत. फुंकीकडून मोजलं तर तिसऱ्या-चौथ्या भोकांच्या मागच्या अंगाला केसासारखी चीर दिसते. आत काळपट बुरशी. तेल पाजून बघू का? की भोकं मोठी करावी लागतील?

मंद्र_पंचम
तेल आत्ता नको, आणि कानस तर कपाटातच राहू द्या.

ग-रे नीट आणि सा फाटतो, म्हणजे हवा बहुतेक त्या चिरेतूनच गळतेय. सूर जितका खालचा तितकी लांब नळी सलग बंद हवी. मध्ये कुठे हवा सुटली की ती फट आणखी एका उघड्या भोकासारखी वागते.

आधी बुरशी काढा. काठीला कापड गुंडाळून सर्जिकल स्पिरिट लावा आणि तीन-चार वेळा फिरवा. वाळल्यावर सहाही भोकांवर आणि सूर जुळवायच्या भोकावर चिकटपट्टी लावा, खालचं तोंड तळव्याने दाबा आणि फुंकायच्या भोकातून हवा ओढा. जीभ दोन-तीन सेकंद चिकटून राहिली तर नळी ठीक. लगेच सुटली तर गळती आहे. खालचं तोंड उघडं ठेवून, पट्टी तशीच ठेवून फुंकलं आणि प लागला, तर दोष बासरीचा नाही, बोटांचा.

चीर फुंकायच्या भोकातूनच गेली असेल तर त्या बासरीवर पैसे घालू नका. बाकी कुठेही असली तरी बुजते.

दोऱ्याचा_गुंता
तेल का नको, ते सांगतो. तेल चिरेत उतरलं की गोंद धरत नाही.

सैल दोरा काढा. चिरेवर तात्पुरता दोरा आवळून फट मिटवा. मिटत नसेल तर बासरी आणि ओलसर फडकं (एकमेकांना न लागता) एका पिशवीत दोन दिवस ठेवा, बांबू दमट हवेने फुगतो. मग पातळ फेविक्विकचे थेंब चिरेवर सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. जाड गोंद वरच बसतो, त्याचा उपयोग नाही. बोटांच्या भोकात ओघळ गेला तर लगेच पुसा.

वाळल्यावर पक्की बांधणी. अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोरा, एकेक पट्टी 10-12 मिलिमीटर रुंद, चिरेच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या भोकांच्या वर-खाली. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास ठेवा, टोक त्यात ओवा आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली न्या. गाठ मारली की ती बोटाला टोचते. नुसत्या गोंदावर विसंबू नका. उन्हाळ्यात बांबू सुकतो आणि चीर तिथूनच पुन्हा उघडते.

तेल सगळ्यात शेवटी, आतल्या बाजूने, बदामाचं किंवा मोहरीचं. बाहेरची साल ते पीतच नाही. रात्रभर ठेवून कोरड्या कापडाने पुसा. बुचाला (बंद टोकाच्या आत बसवलेल्या) आणि फुंकायच्या भोकाच्या कडेला लागू देऊ नका.

कोरडावेळू
चीर बुजली, प लागला! आता ट्यूनरवर (सूर मोजायच्या यंत्रावर) सा बरोबर धरला तर ग 20 सेंट (एका अर्धस्वराचे 100 सेंट) चढा, मंद्र ध 15 सेंट उतरलेला. तार (वरचं) सप्तक सगळंच थोडं उतरतं. धसाठी सहावं भोक मोठं करू?

मंद्र_पंचम
थांबा, ध बरोबरच आहे. ट्यूनर समस्वरांतराचे (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या पद्धतीचे) आकडे दाखवतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध ध त्याच्यापेक्षा 16 सेंट खाली असतो आणि शुद्ध ग 14 सेंट खाली. म्हणजे तुमचा ध जागेवर आहे आणि ग मात्र 34 सेंट चढा आहे. (रागाप्रमाणे हे सूर थोडे हलतात, ते वेगळं.)

आधी बूच बघा. फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून बुचाचं अंतर साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं ठेवून सुरुवात करा. तार सप्तक उतरतं म्हणजे बूच लांब गेलंय. एकेक मिलिमीटर भोकाकडे सरकवा आणि दर वेळी सा व तार सा तपासा.

मग ग. पहिलं भोक बंद, बाकी उघडी, म्हणजे ग दुसऱ्या भोकातून येतो. त्याच्या फुंकीकडच्या कडेला आतून मेणाचा तांदळाएवढा कण दाबा. कमी पडला तर अजून थोडं. मेण निघतं, कापलेला बांबू परत येत नाही.

पाच मिनिटं फुंकून बासरी गरम झाल्यावरच मोजा. आतली हवा एक अंश तापली की सूर साधारण 3 सेंट चढतो.

दोऱ्याचा_गुंता
आणि मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत ठेवू नका, सगळी बांधणी पुन्हा करावी लागेल.