कॉर्नफ्लोअर आणि पाणी : आपटलं की घट्ट, सोडलं की पातळ. का?

मोल्डर_आबा :
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात फौंड्रीत 32 वर्षं मोल्डर होतो, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचो, आता घरीच असतो. तिसरीतल्या नातीला सुट्टीत हा प्रयोग करून दाखवायचा म्हणून आधी गिरणीतनं मक्याचं पिवळं पीठ आणलं. त्याचा नुसता चिखल झाला. दुकानदार म्हणाला, आबा, पांढरं कॉर्नफ्लोअर न्या. दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी, वरनं दोन चमचे. परातीत कालवलं. बोट हळू घातलं तर ताकात गेल्यासारखं जातंय, मूठ आपटली तर एक शिंतोडा उडत नाही. हातात वळत राहिलं तोवर लाडू. थांबलं की बोटांतनं गळून गेलं.

पोरीनं विचारलं, का? मी सांगून टाकलं, मार बसला की पीठ पाणी पिऊन फुगतं. रात्री मात्र झोप लागेना. फुगलं असतं तर लगेच परत पातळ कसं झालं? साच्याच्या बॉक्समधली वाळू रॅमरनं (ठोकणीनं) ठोकली की घट्ट बसते, तसं म्हणावं तर ठोकलेली वाळू आपोआप सैल होत नाही. लेकराला चुकीचं सांगितलं याची रुखरुख लागलीय. शिवाय सकाळी बघितलं तर वर निवळ पाणी आणि खाली दगडासारखा थर. बिघडलं का ते?

राजारामपुरीचे_सर :
आबा, वाळूचा अंदाज खऱ्याच्या फार जवळ आहे. फुगण्याचं तेवढं नातीला दुरुस्त करून सांगा.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं सत्त्व, निव्वळ स्टार्चचे कण. आकार साधारण 5 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तुमच्या मोल्डिंगच्या वाळूपेक्षा कितीतरी बारीक. गार पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते दाटीवाटीनं तरंगतात. हळू ढवळलं तर दोन कणांमधला पाण्याचा पातळ थर वंगणाचं काम करतो. जोरात आपटलं की तो थर पिळून निघतो, कणाला कण थेट घासतो आणि सगळी गर्दी एकमेकांत अडकते. जोर काढला की पाणी परत मध्ये शिरतं. तुमच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती कण धरून ठेवते, इथं धरणारं कोणी नाही. फरक एवढाच.

गणपतीपुळ्याला ओल्या वाळूवर पाय दिला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ना? ते या प्रकाराचं जवळचं भावंड. दाबानं कण सरकताना मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं 1885 मध्ये हे मांडलं. आणि शिकागो विद्यापीठात 2012 साली कॉर्नफ्लोअरच्या पाण्यावर दांडा आपटून वेगवान कॅमेरा आणि क्ष-किरण लावून पाहिलं, तर दांड्याच्या पुढे घट्ट झालेला भाग खाली खाली वाढत जाताना दिसला.

नातीला शेजारी वाटीभर काकवी ठेवून दाखवा. काकवी दाट खरी, पण हळू ढवळा नाहीतर जोरात, तिचा दाटपणा तोच राहतो. न्यूटननं सांगितलेला साधा द्रव तो. कॉर्नफ्लोअरचं पाणी तसं वागत नाही.

मंगळवार_पेठेची_काकू :
आबा, बिघडलं काही नाही. आमच्या घरी दर उन्हाळ्यात हेच होतं, कुरडयांच्या गव्हाला! तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाला पांढराशुभ्र थर. सून पहिल्यांदा तो काढायला गेली तेव्हा हात आपटून म्हणाली, आत्या, हे तर दगड झालं. मी म्हटलं, घाई करू नकोस, बोटं हळू रोव. मग सुटतंय. स्टार्च पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. तुम्हीही हळूहळू खालून मोकळं करा, पहिल्यासारखं होईल. पण दिवसभरात वापरून टाका, आपल्याकडच्या उकाड्यात आंबतं.

फुगणं खरं आहे, पण ते चुलीवर. साधारण 65 अंशांच्या पुढे कण पाणी पिऊन फुगतात, मग चीक शिजतो, खळ होते. ती परत पातळ होत नाही. आणि उरलेलं मोरीत ओतू नका हो, पाइपात बसून राहतं. वाळवून कचऱ्यात टाका.

मोल्डर_आबा :
सर, काकू, मनापासून आभार. आज नातीला समोर बसवून सांगितलं की आबा चुकले होते, आणि सगळं परत समजावलं. काकवीही दाखवली. तळाचा थर तिनंच मोकळा केला, दहा मिनिटं लागली. आता विचारतेय, मैद्याचं का होत नाही?

राजारामपुरीचे_सर :
मैद्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, आहे आबा. भिजलं की त्याची चिवट जाळी होते आणि कण त्यात अडकतात, सुटे राहतच नाहीत. काकू म्हणतात तो गहू धुऊन-गाळून घेतात तो त्यासाठीच. तिला मैद्याचा गोळा नळाखाली चोळायला द्या. पांढरं पाणी भांड्यात धरा, हातात रबरासारखं उरेल ते ग्लुटेन. भांड्यातलं पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाला बोट लावून बघायला सांगा.