सिंगापूर: बुकित तिमाच्या ट्रेलवर ओल्या मुळांवरून हार्डटेल घसरते, सायकलमध्ये काय बदलू?

टेकडीफेम:

नमस्कार मंडळी. सवय पुण्याची: वेताळ टेकडी, बोपदेव घाटाच्या अंगच्या मुरमाड वाटा. सध्या मुक्काम सिंगापूरला, आणि जवळचा ट्रेल म्हणजे बुकित तिमा निसर्ग राखीव क्षेत्रातला माउंटन बाइकचा साधारण ६ किमीचा फेरा. अख्खी टेकडी १६३ मीटर उंच, त्यामुळे कागदावर काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात छोटे पण खडे चढ, ग्रॅनाइटचे धोंडे आणि मुळांची जाळी यांत पुरता घाम निघतो.

सायकल: २९ इंची हार्डटेल (म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे), १२० मिमी दबणारा एअर फोर्क, २.२५ चे टायर ट्यूबसकट, दोन्हीकडे ३५ पीएसआय हवा. पुढे ३४ दात्यांचं चेनरिंग, मागे ११-४२ दात्यांची कॅसेट. ब्रेकच्या चकत्या (रोटर) १६० मिमी. माझं वजन ७२ किलो.

अडचणी तीन. ओल्या मुळांवर पुढचं चाक एकदम आडवं जातं. दगडांच्या पट्ट्यात पेडल आणि चेनरिंग आपटतं. आणि पाऊस झाला की ब्रेक किंचाळतात, पॅडही भराभर झिजतात. फुल सस्पेन्शन घेतल्याशिवाय यातून सुटका नाही का?

ग्रॅनाइटवाला:

फुल सस्पेन्शनचा विचार बाजूला ठेवा. पहिला दोष हवेचा. ७२ किलोला २.२५ च्या टायरमध्ये ३५ म्हणजे चाक मुळावर टेकतच नाही, उडतं. ट्यूब ठेवणार असाल तर पुढे २६, मागे २८ पासून सुरुवात करा. त्याखाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमच्या दोन्ही कडांत चिमटून दोन समांतर भोकं पडतील. अंगठ्याने दाबून बघणं सोडा आणि छोटा डिजिटल गेज घ्या. उभ्या पंपाचा काटा ३० च्या खाली भरवशाचा नसतो, आणि इथे २ पीएसआयनेसुद्धा फरक पडतो.

दुसरा दोष सवयीचा, आणि तो मुरमाने लावलेला आहे. मुरमावर आपण ढुंगण मागे टाकतो आणि मागचा ब्रेक हलका धरून घसरत उतरतो. तिथे ते चालतं, कारण सुटी खडी थोडी सरकली तरी पुढे कुठेतरी टायर धरते. ओलं मूळ धरत नाही. ब्रेक लावलेलं चाक तिरक्या मुळावर आलं की ते मुळाच्या लांबीने घसरत जातं. वजन मागे असल्यामुळे पुढच्या चाकावर भार नसतो, म्हणून आधी तेच जातं.

त्यामुळे वेग मुळाच्या आधी, मातीवरच कमी करायचा. मूळ एखादा मीटर उरलं की दोन्ही ब्रेक पूर्ण सोडायचे. पेडल आडवी, कोपरं बाहेर, छाती हँडलच्या वर. मुळाला शक्यतो काटकोनात भिडायचं आणि त्या क्षणी सायकल सरळ उभी हवी, वळणात झुकलेली नको. चाक मुळाशी येताना गुडघे-कोपरं दाबून लगेच सैल सोडली की पुढचं चाक क्षणभर हलकं होतं आणि मुळावरून अलगद जातं. मुळं तिरकी असतील तर तीन-चार मीटर आधीच रेघ ठरवा. मुळावर असताना हँडल वळवलंत तर पडणं ठरलेलं.

ग्रॅनाइटचं गणित उलटं आहे. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, शेवाळ नसेल तर ओला असतानाही बऱ्यापैकी धरतो. मुळांच्या मध्ये धोंडा दिसला तर ब्रेक लावायची जागा तीच.

चेनसुटी:

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त ट्यूब ठेवायच्या मुद्द्याशी सहमत नाही. इथल्या झाडोऱ्यात वेताच्या वेली आहेत, त्यांचे काटे ट्यूबला सोडत नाहीत. रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक चाकात ८०-९० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) टाका, मग पुढे २०-२१, मागे २३ वर निर्धास्त चालवता येईल. इथल्या उष्णतेत सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक हलवून आतून पाण्यासारखा आवाज आला नाही तर नवीन भरा. पहिल्यांदा बसवताना टायर रिमवर चढत नसेल तर व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा भरा, कडेला साबणाचं पाणी लावा.

आता फोर्क. पुढचं चाक उडण्यामागे अर्धा हात त्याचाही असेल. रायडिंगच्या पूर्ण वेशात, पाण्याच्या पिशवीसकट, पेडलवर उभे राहा (कुणाला तरी सायकल धरायला सांगा) आणि फोर्कवरची रबरी रिंग सीलपर्यंत खाली सरकवा. हळूच उतरा. १२० मिमीच्या फोर्कमध्ये रिंग २४ ते ३० मिमी वर राहिली पाहिजे. १५ वर असेल तर हवा जास्त आहे, पाच-पाच पीएसआयने सोडा. फोर्कच्या पायावरच्या स्टिकरवरचा आकडा ही सुरुवात समजा, तो बऱ्याच वेळा कडकच निघतो. त्यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग: हँडल जोरात दाबून सोडल्यावर चाक जमिनीवरून उचललं तर तो फार जलद आहे, एक-दोन क्लिक हळू करा. उलट फार हळू ठेवलात तर लागोपाठच्या मुळांत फोर्क प्रत्येक वेळी थोडा अधिक दबून राहतो आणि चौथ्या-पाचव्या मुळाशी लाकूड होतो. या ट्रेलवर बहुतेकांची चूक हीच, फार हळू रिबाउंडची असते.

चेनरिंग ३४ ऐवजी ३० लावा. खडे चढ बसून जातील आणि खाली सुमारे ८ मिमी जागा मिळेल. चेनची कड्यांची एक जोडी कमी करावी लागेल, नाहीतर ती ढिली राहून दगडांत फडफडते. दगडांच्या पट्ट्यात पेडल पूर्ण फिरवू नका. पाव फेरा पुढे, मग परत मागे, असं ठेचत जा, म्हणजे खालचं पेडल धोंड्याला भेटतच नाही. क्रँक (पेडलचे दांडे) १७५ मिमीचे असतील तर कधीतरी १७० करा, पण घाई नाही.

ब्रेकची_किंचाळी:

ब्रेकबद्दल. इथले उतार छोटे आहेत, ब्रेक तापून निकामी होण्याइतका लांब उतार अख्ख्या ट्रेलवर नाही. म्हणून मोठ्या रोटरवर पैसे घालवू नका. फार तर पुढे १८० करा, त्याला योग्य ॲडॅप्टर लागेल. इथला शत्रू म्हणजे चिकणमातीत मिसळलेली ग्रॅनाइटची बारीक कच. रेझिनचे पॅड ती खाऊन टाकते. मेटलचे पॅड टिकतात, पण आधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं लिहिलेलं असतं. त्यावर मेटल लावलंत तर रोटरच झिजेल, म्हणजे दोन्ही एकदम बदलावे लागतील.

नवे पॅड बसवले की सपाट रस्त्यावर साधारण २० च्या वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत दाबून आणा, पूर्ण थांबू नका. एकेका ब्रेकने पंधरा-वीस वेळा. हे न केल्यामुळेच निम्मे ब्रेक किंचाळतात. उरलेले निम्मे चेनला मारलेल्या तेलाच्या स्प्रेमुळे. तेल थेंबाथेंबाने घाला, आणि रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

टेकडीफेम:

मनापासून आभार. हवा आणि फोर्क आजच बघतो. एक शंका: पाऊस थांबल्यावर किती वेळाने जाणं शहाणपणाचं? आणि नियमांत अडकण्यासारखं काही आहे का?

ग्रॅनाइटवाला:

रस्ता वाळला यावरून ठरवू नका. वरून दाट छत आहे, ऊन आणि वारा खाली पोचत नाही. जोरदार सरीनंतर माती एका दिवसात सावरते, मुळं मात्र चकचकीतच राहतात. टायरला माती चिकटून फोर्कच्या कमानीत अडकायला लागली तर परत फिरा. तशा ओल्या वाटेवर चालवलं की चर पडतात, पुढच्या पावसात पाणी त्यातूनच वाहतं आणि मुळं अजून उघडी होतात. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी पाऊस, आणि वर्षाच्या मधल्या महिन्यांत पहाटे-सकाळी सुमात्राकडून येणारी वादळं. विजा असतील तर जायचंच नाही.

नियम: सायकल फक्त सायकलच्या ट्रेलवर. पायवाटांवर, शिखराकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर नाही. अंधार पडायच्या आत बाहेर. ट्रेल अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतो, फलक वाचून जा. सार्वजनिक रस्त्यावर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. माकडं भरपूर आहेत, प्लास्टिकची पिशवी दिसली की ती अन्न समजून झडप घालतात, तेव्हा खाऊ बॅगेच्या आत. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्याच्या टेकडीवरचं बिस्किटप्रेम इथे महागात पडेल!

मेट्रोत फक्त घडीची सायकल चालते, त्यामुळे ट्रेलपर्यंत पेडल मारत किंवा मोठ्या गाडीने जावं लागतं.

चेनसुटी:

तंत्र घोटायचं तर आधी जवळच्या चेस्टनट नेचर पार्कला जा. तिथे चालणाऱ्यांच्या आणि सायकलच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि वळणं व चढ-उतार एकामागून एक येतात. तिथे मुळांवर ब्रेक सोडायची सवय लावा, मग बुकित तिमा. काळ्या हिऱ्याच्या खुणेच्या, म्हणजे अवघड वाटा हव्या असतील तर पुलाऊ उबिन बेटावरचं केताम पार्क. चांगी पॉइंटहून छोटी बोट, बारा प्रवासी झाले की सुटते, सायकलचे पैसे वेगळे. केतामला खुणांच्या फाट्यावर उतरून आधी पायी बघून या. तिथे उतार संपतो तिथेच वळण असतं, आणि वरून ते दिसत नाही.

बॅगेत: एक ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), प्लग, पंप, चेनची क्विक लिंक, मल्टिटूल आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा). हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुकानात आयत्या वेळी मिळत नाही. सायकल उजव्या कुशीवर पडली की तोच आधी वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर कॅसेटच्या सर्वांत मोठ्या चक्रावर गेलात तर डिरेलर आऱ्यांत जातो. पडल्यावर पुन्हा बसण्याआधी मागून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी जॉकी चाकं कॅसेटच्या रेषेत आहेत का? नसतील तर कॅसेटच्या सर्वांत लहान तीन-चार चक्रांवरच घरी.