पियानोच्या चाकांवर भिस्त नको

पियानो दुसऱ्या घरी कसा हलवावा, या प्रश्नावर "चार दणकट माणसं बोलवा आणि खालच्या चाकांवरून ढकलत न्या" असं वर कुणीतरी सुचवलंय. माणसांचं पटलं, चाकांचं नाही. अपराइट, म्हणजे उभ्या पियानोची ती बारकी चाकं झाडझूड करताना खोलीतल्या खोलीत थोडं सरकवण्यापुरतीच. लिफ्टच्या उंबऱ्याशी जी फट असते तिच्यात पुढचं चाक अडकलं की वरचा पाय कडकन मोडतो. आमच्या सोसायटीत सामान हलवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं आणि वर "तडा आधीचाच होता" म्हणून हात झटकले! पट्ट्यांनी बांधून चार चाकी ट्रॉलीवर चढवणं हाच मार्ग.

अजून कुणी लिहिलं नाही ते म्हणजे वजन कुठे असतं. बहुतेक अपराइट 200 ते 250 किलोंच्या आसपास भरतात, पण तारांचा एकत्रित ताण 15-20 टनांच्या घरात जात असल्याने तो पेलायला आत बिडाची जाड फ्रेम असते, आणि ती मागच्या बाजूला. त्यामुळे पियानो कलंडतो तो बहुधा मागे. निदान एक अनुभवी माणूस पाठीशी हवाच. जिन्यावर मात्र खालच्या अंगाला, थेट पियानोच्या वाटेत कुणी उभं राहू नये. झाकणाला कुलूप लावा, पण किल्ली काढून खिशात ठेवा. पावसाळ्यात नेणार असाल तर आधी गोधड्या, वरून प्लास्टिक. आणि पोचल्यावर प्लास्टिक लगेच काढा, नाहीतर आत दमटपणा कोंडतो. ट्यूनरला (सूर जुळवणाऱ्याला) लगोलग बोलवू नका, पियानोला नव्या जागेच्या हवेत दोन-तीन आठवडे रुळू द्या.