विषय: उमेदवारांसाठी प्रश्न – वीजजाळ्यातील नोकऱ्या, न्याय्य काम आणि बेटांच्या बोटी

प्रेषक: सचिव

मान्यवर सभासदहो, सप्रेम नमस्कार.

7 मे 2026 रोजी स्कॉटिश संसदेची निवडणूक होत आहे. त्यापूर्वी सर्व पक्षांच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असल्यामुळे आपल्याला कोणत्याही पक्षाची बाजू घेता येत नाही, परंतु प्रश्न विचारण्यास काहीही आडकाठी नाही. व्हिसावर येथे राहणाऱ्या भारतीय सभासदांनाही या निवडणुकीत मताधिकार आहे आणि त्यासाठी नाव नोंदवणे आवश्यक आहे, हे या निमित्ताने पुन्हा कळवतो.

मसुद्यातील तिसरा प्रश्न असा आहे: ‘ऊर्जा क्षेत्रात नोकऱ्या वाढवण्यासाठी आपण काय कराल?’ सूचना असल्यास या यादीवरच कळवाव्यात.

प्रेषक: सभासद, स्टॉर्नोवे

सचिवसाहेब, नमस्कार.

तिसरा प्रश्न कृपया आहे तसा विचारू नये. त्याचे उत्तर प्रत्येक पक्षाच्या पत्रकात आधीच छापलेले असते आणि त्यात हजारो नोकऱ्यांना ‘आधार’ मिळणार असतो. त्यातल्या किती नोकऱ्यांवर प्रत्यक्ष माणूस नेमला जाईल आणि तो कुठे राहील, हे मात्र त्यात कधीच नसते.

सरकारने नेमके काय करायचे असते, हे आम्हा लुइस बेटाच्या रहिवाशांना 2020-21 मध्ये फार जवळून पाहायला मिळाले. ऑक्टोबर 2020 मध्ये स्काय बेट आणि लुइसला जोडूनच असलेला हॅरिस यांना जोडणारी समुद्राखालची वीजकेबल निकामी झाली आणि तिच्या जागी नवी केबल सुरू व्हायला पुढचा ऑगस्ट उजाडला. तोपर्यंत बेटाची भिस्त मुख्यतः बॅटरी पॉइंट येथील डिझेलच्या वीजकेंद्रावर होती. गावकऱ्यांच्या संस्थांनी कर्ज काढून उभारलेल्या पवनचक्क्यांची वीज बाहेर जाण्याचा मार्गच बंद झाल्यामुळे गावाच्या कामांसाठी येणारे उत्पन्न बुडाले, आणि त्या नुकसानीची भरपाई कोणी करावी याची तरतूद नियमांत नव्हती. केबल बंद असतानाच एप्रिल 2021 मध्ये स्टॉर्नोवे ते उल्लापूल मार्गावरील ‘लॉक सीफोर्थ’ ही बोट इंजिनाच्या बिघाडामुळे कित्येक आठवडे जागेवर उभी राहिली. म्हणजे बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे दोन्ही धागे एकाच हंगामात तुटले.

माझा मुद्दा या दोन घटनांमधील फरकाचा आहे. केबल खासगी कंपनीची होती आणि तिच्यावर लंडनमधून नेमलेल्या ऑफजेम या नियामकाची देखरेख होती. एडिनबरोचे, म्हणजे स्कॉटिश सरकारचे, मंत्री सहानुभूती व्यक्त करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हते. बोट चालवणारी कॅलमॅक ही कंपनी मात्र स्कॉटिश मंत्र्यांच्याच मालकीची आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून तिला निविदा न काढता दहा वर्षांचे कंत्राट थेट देण्यात आले असून त्याची रक्कम सुमारे 3.9 अब्ज पौंड आहे. बोटींचे भाडेही सरकारच्या धोरणानुसार ठरते: रस्त्याने तेवढेच अंतर जायला जेवढा खर्च येईल त्याच्या हिशेबाने भाडे आकारण्याची पद्धत 2008 मध्ये आमच्याकडे प्रायोगिक स्वरूपात आली आणि 2015 पर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील क्लाइड व हेब्रिडीजच्या सर्व मार्गांवर लागू झाली. भाडे उतरले, प्रवासी आणि गाड्या वाढल्या, पण बोटी तेवढ्याच राहिल्या. जून 2023 मध्ये साउथ यूइस्ट बेटाचे शेकडो रहिवासी लॉकबॉइस्डेलच्या धक्क्यावर निषेधासाठी जमले होते ते याचमुळे. दुसरीकडची बोट बंद पडली की त्यांच्या मार्गावरची बोट काढून तिकडे नेली जात होती.

आता लुइसपासून मुख्य भूमीपर्यंत 1.8 गिगावॉटची नवी वीजवाहिनी टाकण्याची योजना आहे. तिचे कामगार, त्यांच्या व्हॅन आणि यंत्रसामग्री कोणत्या बोटीने येणार? ज्या बोटीवर आजही उन्हाळ्यात रहिवाशाला गाडीसाठी जागा मिळत नाही, त्याच बोटीने. आणि ते राहणार कुठे? ज्या खोल्या परिचारिका आणि शिक्षक भाड्याने शोधत आहेत, त्याच खोल्यांत. उमेदवारांना नोकऱ्यांबद्दल विचारायचे असेल, तर हे सगळे एकत्र विचारावे.

प्रेषक: सभासद, पर्थ

नमस्कार.

स्टॉर्नोवेच्या ताईंचे म्हणणे मान्य आहे. वीजवाहिन्यांच्या क्षेत्रात काम करणारा म्हणून थोडी भर घालतो, कारण चुकीच्या सरकारला प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याची आयती सुटका होते.

1998 च्या स्कॉटलंड कायद्यानुसार वीजपुरवठ्याचे नियमन, कामगार कायदे आणि व्हिसाचे नियम हे तिन्ही विषय वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेकडे, राखून ठेवलेले आहेत. एडिनबरोच्या हातात त्यातून उरते ती मुख्यतः मंजुरी. 1989 च्या वीज कायद्याच्या कलम 37 खाली उच्चदाबाच्या ओव्हरहेड लाइनला परवानगी द्यायची की नाही हे स्कॉटिश मंत्री ठरवतात. त्या परवानगीच्या अटी नियोजनाशी निगडित असाव्या लागतात. कामगारांची निवासव्यवस्था आणि वाहतूक आराखडा त्यात बसू शकतो. तासाचा दर बसत नाही.

न्याय्य कामाचे धोरण येथे ‘फेअर वर्क’ या नावाने ओळखले जाते. 2016 च्या त्याच्या आराखड्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: कामगाराच्या म्हणण्याला किंमत, संधी, सुरक्षितता, समाधान आणि सन्मान. कामगार कायदा करण्याचा अधिकार नसल्यामुळे सरकारने पैशाचा मार्ग धरला. जुलै 2023 पासून सरकारी अनुदान हवे असेल, तर निदान ‘रिअल लिव्हिंग वेज’, म्हणजे जगण्याच्या खर्चावरून काढलेला वेतनदर, द्यावा लागतो आणि कामगारांना आपले म्हणणे मांडण्याची सोय करावी लागते. हा दर सध्या लंडनबाहेर ताशी 13.45 पौंड आहे, तर एप्रिल 2026 पासूनचे कायदेशीर किमान वेतन 12.71 पौंड. युक्ती चांगली आहे, पण वीजवाहिन्यांच्या बाबतीत ती लंगडी पडते, कारण मोठ्या वाहिन्यांचा खर्च सरकारी अनुदानातून नव्हे, तर ऑफजेमच्या संमतीने ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. जिथे सरकारचा पैसा नाही, तिथे सरकारची अटही नाही.

मूळ कंपन्या साधारणपणे चांगले वेतन देतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एसएसई ही वीजकंपनी तर 2013 पासून ‘लिव्हिंग वेज’चे प्रमाणपत्र मिळवलेली कंपनी आहे. अडचण खाली, पोटकंत्राटदाराच्याही पोटकंत्राटदाराकडे सुरू होते, आणि आपले अनेक सभासद तिथेच आहेत. व्हिसा ज्या कंपनीने प्रायोजित केला आहे ती नोकरी सुटली, तर नवा प्रायोजक शोधायला साधारणपणे 60 दिवस मिळतात. जुलै 2025 पासून नव्या व्हिसासाठी पदवीच्या पातळीचे काम आणि सर्वसाधारणपणे किमान 41,700 पौंडांचे वार्षिक वेतन लागते, त्यामुळे तो शोध आणखी अवघड झाला आहे. असा माणूस जादा तासांबद्दल तक्रार करील ही अपेक्षाच व्यर्थ आहे. व्हिसावर असलेल्यालाही कामगार संघटनेचे सभासद होता येते, एवढे तरी मंडळाने सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे.

येथे नेहमीच असे नव्हते. 1943 मध्ये टॉम जॉन्स्टन स्कॉटलंडचे मंत्री असताना उत्तर स्कॉटलंडसाठी सरकारी जलविद्युत मंडळ कायद्याने स्थापन झाले, आणि त्या कायद्यातच मंडळाने या भागाच्या आर्थिक व सामाजिक उन्नतीसाठी सहकार्य करावे असे कलम होते. दूरच्या वस्त्यांवर वीज नेण्याचा खर्च तिथल्या बिलांतून निघणारा नव्हता, तरीही ती नेली गेली. आपल्याकडे घारापुरीला 2018 मध्ये महावितरणने समुद्राखालून केबल नेली. तिथल्या तीन गावांच्या बिलांतूनही तो खर्च निघणे शक्य नव्हते. असे काम करायला खर्चाची जबाबदारी घेणारा सार्वजनिक मालक लागतो. स्कॉटलंडमधील ते मंडळ 1991 मध्ये खासगी झाले. आज उत्तरेकडील पारेषण कंपनीचा चौथा हिस्सा कॅनडातील ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे आहे, आणि स्कॉटिश सरकारचा तिच्यात काहीही हिस्सा नाही.

प्रेषक: सभासद, ग्रीनॉक

सर्वांना नमस्कार.

पर्थच्या दादांच्या पत्रावरून असा समज होईल की मालकी सरकारी असली की प्रश्न सुटतो. मी ज्या किनाऱ्यावर राहतो, तिथे त्याच्या उलट अनुभव आहे. पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाजबांधणी कारखान्याला 2015 मध्ये दोन बोटींचे 97 दशलक्ष पौंडांचे कंत्राट मिळाले, 2019 मध्ये सरकारने सुमारे तीनशे कामगारांसह तो कारखाना ताब्यात घेतला, आणि त्यांपैकी 2018 मध्ये यायची असलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही बोट जानेवारी 2025 मध्ये प्रवासी घेऊन निघाली. खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला. मधल्या काळात चार मोठ्या बोटींची मागणी तुर्कस्तानात गेली, आणि मार्च 2025 मध्ये सात लहान विजेवरच्या बोटींचे काम निविदेतून पोलंडच्या कारखान्याकडे गेले. येथील कामगाराने याला न्याय्य काम म्हणावे काय? निविदा स्वस्त आणि लवकर बोट देणाऱ्याकडे बघते. या गावातल्या शिकाऊ वेल्डरकडे बघत नाही.

तरीही सरकारी मालकीच्या बाजूने एक गोष्ट मीच नोंदवतो. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीज या खासगी कंपनीने 786 खलाशांना कोणतीही पूर्वसूचना न देता काढून टाकले. स्कॉटलंडमधील केर्नरायन ते लार्न हा मार्गही तिचाच. नव्या खलाशांना सरासरी ताशी साडेपाच पौंड मिळतात, असे तिच्या प्रमुखांनी संसदीय समितीसमोर सांगितले. कॅलमॅकच्या बोटी वेळेवर सुटोत न सुटोत, तिथे असे घडलेले नाही आणि घडले तर कोणत्या मंत्र्याचा राजीनामा मागायचा हे सर्वांना ठाऊक आहे.

प्रेषक: सभासद, स्टॉर्नोवे

ग्रीनॉकच्या काकांचा राग समजतो, पण त्यांच्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. ज्याच्या दुकानातला माल धक्क्यावर अडकला आहे, त्याला बोट तुर्कस्तानात बांधली की पोर्ट ग्लासगोत याने फरक पडत नाही. कारखाना जगवायचा असेल, तर तो उद्योगाच्या निधीतून उघडपणे जगवावा. त्याची किंमत बेटांनी सात वर्षे वाट पाहून चुकवू नये. 2018 च्या बेट कायद्यानुसार बेटांवर वेगळा परिणाम करणाऱ्या प्रत्येक धोरणाचे मूल्यमापन करणे सार्वजनिक संस्थांना बंधनकारक आहे. ते मूल्यमापन कागदावर होते. त्यानंतर निर्णय किती वेळा बदलतो, हे मला विचारायचे आहे.

तिसऱ्या प्रश्नाऐवजी पुढील दोन प्रश्न घ्यावेत, अशी विनंती आहे.

पहिला: ‘बेटांवरील किंवा बेटांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला मंजुरी देताना कामगारांची निवासव्यवस्था आणि बोटीवरील जागा यांची सोय काम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे, अशी अट आपण घालाल काय? आणि ती सोय कंपनीच्या खर्चाने होईल की सरकारच्या?’

दुसरा: ‘कॅलमॅकच्या दहा वर्षांच्या कंत्राटात आणि तिच्या पुरवठादारांच्या साखळीत न्याय्य कामाच्या अटी सर्वांत खालच्या पोटकंत्राटदारापर्यंत पाळल्या जातात की नाही, याची तपासणी कोण करते? तिचा अहवाल प्रसिद्ध कराल काय?’

‘वेस्टमिन्स्टर ऐकत नाही’ हे उत्तर या दोन्ही प्रश्नांना लागू पडत नाही, म्हणून ते मुद्दाम असे घडवले आहेत. व्हिसाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, परंतु तो आपल्या भागाच्या वेस्टमिन्स्टरमधील खासदारांना स्वतंत्र पत्राने विचारावा.

प्रेषक: सचिव

तिसरा प्रश्न काढून वरील दोन प्रश्न घेतले आहेत. ते उमेदवारांना आधी पाठवावेत की आयत्या वेळी विचारावेत, यावर कार्यकारिणीत मतभेद होते. आधी पाठवण्याचे ठरले आहे, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हणण्याची कोणालाही सोय राहणार नाही. खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा पर्थच्या सभासदांनी करावा, आणि पोटकंत्राटी काम करणाऱ्या सभासदांचे अनुभव नावाशिवाय त्यांच्याकडे पाठवावेत; या यादीवर ते टाकू नयेत, कारण यादी अनेकांच्या कार्यालयीन पत्त्यांवर जाते.