शिवारातील नावे नोंदवताना मूळ लिहावे की केवळ उच्चार?

धागाकर्ता, खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा)
आमचे कागदोपत्री व्यवहार सर्व्हे नंबर आणि हिश्श्यावर चालतात, पण भात कुठे लावले असे विचारले तर आजही 'तळ्याखाली', 'म्हसोबाच्या टेकाला', 'हळ्ळाकाठी' (ओढ्याकाठी) अशीच उत्तरे येतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना तरी आहे. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे थकली आहेत, म्हणून गावाने यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे त्याचे मूळही लिहावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, बेळगाव
यादी अवश्य करावी. मूळ मात्र लिहू नये. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आपल्याकडे नावाचे मूळ विचारणे म्हणजे गाव कोणाचे हे विचारण्यासारखे झाले आहे. आपल्या तालुक्यातल्या हलशी गावाचेच पाहा. कदंब राजांच्या ताम्रपटांत ती पलाशिका आहे, म्हणजे शब्द संस्कृत, पळसावरून आलेला; शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला तो कन्नडच्या नियमाने, जसे पळ्ळीचे (गाव) हळ्ळी झाले; आणि आज ते नाव मराठी घरांत रोज उच्चारले जाते. हे नाव आपण कोणत्या भाषेच्या रकान्यात घालणार?

धागाकर्ता
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मूळ कळल्यामुळेच एका नावात तीन भाषा नांदल्या हे आपल्याला दिसले. ते न लिहिता मुलांना ते कसे कळावे?

प्रतिसाद, बेळगाव
हलशीला ताम्रपट आहेत, आपल्या खाचराला नाहीत. तिथे लिहिले जाईल ते अनुमान, आणि वहीत उतरलेले अनुमान दहा वर्षांत पुरावा म्हणून दाखवले जाते.

प्रतिसाद, निपाणी
मला उच्चाराची चिंता अधिक वाटते. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' वेगळे लिहिता येतात, आपल्या नेहमीच्या देवनागरी लेखनात तो भेद राहत नाही; उलट 'चार'मधला आणि 'चाक'मधला च आपण वेगळा उच्चारतो, पण कोणत्याही लिपीत तो वेगळा दाखवत नाही. म्हणून दोन्ही लिप्यांत लिहावे आणि सांगणाऱ्याचा आवाजही मोबाइलवर घ्यावा. अडाणी वाटते म्हणून कोणी 'टेका'ची 'टेकडी' करू नये. जुन्या मोडी कागदांत जे रूप सापडेल ते शेजारी, वेगळे लिहावे.

धागाकर्ता
आवाजाची सूचना मी स्वीकारतो. मुळाचा आग्रहही कागद सापडेपर्यंत बाजूला ठेवतो. परंतु एखादी आजी जेव्हा सांगते की या टेकाला अमुक नाव का पडले, तेव्हा ते व्युत्पत्ती म्हणून चूक असले तरी गावाची आठवण म्हणून खरे असते, आणि ते गाळणे मला मान्य नाही.

प्रतिसाद, बेळगाव
गाळू नका. त्या रकान्यावर 'मूळ' न लिहिता 'सांगणाऱ्याचे म्हणणे' असे लिहा, खाली तारीख घाला; मग माझी हरकत नाही.